मिरीकरांचा सूरबहार

१

पेटीचं झाकण वर झालं, दुलई बाजूला सरली, तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. निळ्या अस्तरात सूरबहार आडवा पहुडला होता. लांब दांडी, पितळी पडदे, घोडी, वरची लाकडी तबली, सगळं जिथल्या तिथे. तनयाने सवयीने दोन्ही हात खाली सरकवून त्याला उचललं, आणि भोपळ्याची पाठ तिच्या तळहातांवर आली ती तुकड्यातुकड्यांनी.

सूरबहार म्हणजे सतारीचा थोरला भाऊ. अंगाने दांडगा, आवाजाने खर्जातला. हा तर अलकनंदा मिरीकरांना त्यांच्या वडिलांकडून आलेला. आदल्या दिवशी पुण्याहून विमानाने तो दिल्लीला आला होता. संध्याकाळी कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात अलकनंदाबाई तो वाजवणार होत्या आणि कार्यक्रम संपल्यावर, भर सभेत, आपल्या शिष्येच्या, म्हणजे तनयाच्या, हवाली करणार होत्या. निमंत्रणपत्रिकेत तसं छापलंही होतं.

वैजयंती कोरगावकरांना हे सगळं फोनवर कळलं. मराठी मंडळाचे दिनकरराव घाईघाईने बोलत होते.

"तुमच्याच टॉवरमध्ये आहे हो, वैजयंतीबाई. द्वारकेपर्यंत यायला मला दोन तास लागतील. विमान कंपनीला कोर्टात खेचायचं म्हणतायत. तुम्ही एवढी वर्षं चौकश्या केल्यात, जरा वर जाऊन बघता का?"

"वर म्हणजे कुणाकडे?"

"नवव्या मजल्यावर. सूर्यकांत मिरीकर. बाई त्यांच्या धाकट्या बहीण."

वैजयंतीबाईंनी केंद्र सरकारच्या एका खात्यात दक्षता विभागात नोकरी केली होती. त्या नोकरीत माणसं जोडली जात नाहीत, तुटतात. सूर्यकांत मिरीकरांची बढती त्यांच्याच अहवालाने अडली होती, आणि पुढे दोघंही निवृत्त होऊन नेमके दिल्लीच्या द्वारका भागात एकाच सोसायटीत राहायला आले. लिफ्टमध्ये एक असला की दुसरा पुढच्या फेरीची वाट बघायचा. इतक्या वर्षांत नमस्कारसुद्धा झाला नव्हता.

त्या वर गेल्या, बेल वाजवली. दार सूर्यकांतरावांनीच उघडलं.

"तुम्ही? माझ्या घरात?"

"मामा, मीच दिनकररावांना सांगून बोलावलंय त्यांना," आतून एक तरुण पुढे आला. अलकनंदाबाईंचा मुलगा केतन. गुडगावला नोकरी करत होता. डोळे तांबारलेले, कानाला फोन. "होल्डवर ठेवलंय मला, यार, सकाळपासून. या मॅडम, आत या. एक्स्पर्टचं म्हणणं हातात असलं की बघतो एकेकाला."

"एक्स्पर्ट," सूर्यकांतराव म्हणाले. "माणसं फोडण्यात एक्स्पर्ट आहेत त्या. भोपळा कुणी फोडला ते त्यांना काय कळणार?" पण ते दारातून बाजूला झाले.

बैठकीच्या खोलीत दिवाणावर पेटी उघडी होती. बाल्कनीजवळच्या खुर्चीत अलकनंदाबाई शाल लपेटून बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, ताठ मानेची बाई. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. तनया स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिशीच्या आतली, सडपातळ पोरगी. खोलीत खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी तिला कुणी बस म्हटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"शोधायचं काय त्यात?" अलकनंदाबाई बाहेर बघत म्हणाल्या. "हमालांनी आपटली पेटी. आणि आपटली तरी एवढं होत नाही, नीट गुंडाळलेलं असलं तर. कोणी गुंडाळलं ते विचारा तिला."

"बाई, मी नेहमीसारखंच..."

"तू बोलू नकोस. संध्याकाळची गाडी बघ आणि जा परत."

सोसायटीवरून एक विमान खाली उतरत गेलं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

वैजयंतीबाईंनी सुमित्राबाईंकडून, म्हणजे सूर्यकांतरावांच्या बायकोकडून, एक पांढरी चादर मागून घेतली. ती जमिनीवर अंथरली आणि पेटीतला एकेक तुकडा काढून मांडायला सुरुवात केली. भोपळ्याची साल जाड होती, कडा ताज्या आणि पिवळट. दोन तुकडे जुळले की तिसरा शोधायचा. अस्तराच्या कोपऱ्यांतून, घड्यांतून त्यांनी बोटं फिरवली. पेटी उपडी करून झटकली. वाद्य बाजूला सरकवताना त्यांचं नख मुख्य तारेला लागलं आणि तार वाजली. स्वच्छ, लांब स्वर निघाला, पण पोटात काही नसल्यासारखा पोकळ.

"हात लावू नका त्याला!" अलकनंदाबाई पहिल्यांदाच वळल्या.

वैजयंतीबाईंनी हात मागे घेतला. चादरीवर भोपळ्याची पाठ आता पुरी झाली होती, फक्त मधोमध एक भोक होतं. तळहाताएवढं.

"पेटी धड आहे. बाहेरून ओरखडा नाही," त्या म्हणाल्या. "आतला एवढा मोठा तुकडा मात्र नाही. बंद पेटीत भोपळा फुटला तर तुकडा पेटीतच राहायला हवा ना?"

केतनने फोन कानापासून खाली घेतला.

"हा भोपळा पेटीत फुटलेला नाही. बाहेर कुठेतरी फुटलाय, आणि मग कोणीतरी तो उचलून पेटीत ठेवलाय."

२

"म्हणजे आमच्या घरात," वैजयंतीबाई स्वयंपाकघरात आल्या आल्या सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांनी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि पाठमोऱ्या उभ्या राहूनच बोलत होत्या. "असंच म्हणायचंय ना तुम्हाला? वन्सं काल संध्याकाळी आल्या, पेटी इथे बैठकीत ठेवली. मी, हे, त्या आणि ती मुलगी. केतन पेटी पोचवून गुडगावला गेला, तो आज सकाळी आला."

"काल पेटी उघडली नाही?"

"ती मुलगी उघडते म्हणत होती. वन्सं म्हणाल्या नको, थंडीतून आलंय वाद्य, घरातल्या हवेला सरावू दे. मला काय कळतंय त्यातलं? या घरात त्या भोपळ्याचं नाव निघालं की यांचं डोकं फिरतं, एवढं मला कळतं."

"का?"

दूध वर आलं. सुमित्राबाईंनी गॅस बंद केला. "सासऱ्यांनी यांना कधी हात लावू दिला नाही. मुलगा थोरला, शिकवलं मुलीला. आता ती ते वाद्य उचलून एका परक्या मुलीला देणार. पत्रिका आली त्या दिवशी हे जेवले नाहीत." मग आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं ते सांगायची त्यांना हौसच होती असं वैजयंतीबाईंना वाटलं. "आणि आज सकाळी कचऱ्याची पिशवी स्वतः खाली घेऊन गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने कधी कचऱ्याला हात लावलेला नाही."

वैजयंतीबाई बाहेर आल्या तेव्हा सूर्यकांतराव आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून त्यांचीच वाट बघत होते.

"या. घ्या लिहून."

"मी काही लिहीत नाही."

"त्या वेळी तर पानंच्या पानं भरली होतीत."

"सकाळी कचऱ्यात काय होतं, मिरीकर?"

त्यांचा चेहरा उतरला, आणि वैजयंतीबाईंना आपल्या मनात काहीतरी हललेलं जाणवलं. ते समाधान होतं. या माणसाचा असाच चेहरा त्यांनी पूर्वी एकदा टेबलापलीकडून पाहिला होता. तो पुन्हा बघायला मिळाला याचा त्यांना आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्यांना जराशी लाजही वाटली.

"तिने सांगितलं ना?" सूर्यकांतराव दाराकडे बघत म्हणाले. "माझ्याच घरात माझ्यावर पाळत. सिगारेटचं पाकीट होतं. बायपास झाल्यापासून बंदी आहे. जा, खाली जाऊन पिशव्या उचका, नाहीतर हिला सांगा, आणखी एक गुन्हा लावा माझ्यावर."

"तुमच्या बहिणीचं वाद्य..."

"माझ्या बापाचं वाद्य!" ते उठून उभे राहिले. "ऐका, मला ते तिच्या हातातून गेलेलं हवं होतं, हो. त्या मुलीलाही मिळू नये असं वाटत होतं. पण मी ते फोडीन? लहानपणी मी दाराबाहेर बसून ते ऐकायचो. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून दाराबाहेर." ते पुन्हा बसले. "तुम्हाला मी हवा आहे. आल्यापासून दिसतंय मला. बघा जमतंय का."

वैजयंतीबाई दाराकडे वळल्या. त्यांनाही ते दिसत होतं.

३

केतनने बाल्कनीचं दार ओढून घेतलं. बाहेर धुरकट ऊन होतं, समोरच्या सोसायटीच्या इमारती राखाडी कापडाआडून दिसाव्यात तशा दिसत होत्या.

"मामाने केलं असेल तर मला आत्ता सांगा," तो म्हणाला. "मी सकाळपासून त्या कस्टमर केअरच्या मुलीवर ओरडतोय. नुसता शिव्या घालतोय तिला."

"वाद्य केबिनमध्ये नेणार होतात ना?"

"ऑफ कोर्स! मी स्वतः तीन तिकिटं काढली. आई, तनया आणि सूरबहार. खिडकीजवळची सीट त्याला. एअरलाइनला मेल केले, मापं पाठवली, त्यांनी कन्फर्म केलं. आणि पुण्यात ऐन वेळी काउंटरवर आईला सांगितलं, केबिनमध्ये चालणार नाही, खाली सामानात टाका. एकट्या बाईला बघून मारली थाप."

"एकट्या? तनया कुठे होती?"

"ती नंतर पोचली म्हणे. विचारा तिलाच."

"तुम्हाला तरी ते वाद्य तनयाला जायला हवं होतं का?"

केतन कडवट हसला. "मामीने सांगितलं वाटतं. बिल्कुल नको होतं. आईशी भांडलोय मी त्यावरून. मला वाजवता येत नाही, मान्य. पण आजोबांचं आहे, भिंतीला टेकून राहिलं असतं. पण काल मी पेटी गाडीत टाकली तेव्हा आई आणि तनया दोघी गाडीत होत्या. इथे उतरवली आणि गेलो. मी कधी फोडणार?"

ते खरं होतं. वैजयंतीबाई आत आल्या, तनयाला घेऊन जिन्यात गेल्या. घरात त्या मुलीला कुणी बोलू दिलं नसतं.

तनया पायरीवर बसली. तिच्या नखांत भोपळ्याचा पिवळा भुसा अजून होता.

"मला ते मिळणार होतं," ती म्हणाली. "मी का फोडेन? पण बाई तसंच बोलतायत. त्यांना खरंच तसं वाटतंय का?"

"बांधलं कसं ते सांग."

"आदल्या दिवशी दुपारी बाईंच्या घरी गेले. सगळ्या तारा उतरवल्या, अगदी सैल केल्या. प्रवासात तेच करायचं असतं, नाहीतर तबलीवर ताण येतो. दुलईत गुंडाळलं, पेटीत ठेवलं, पट्टे आवळले. पेटी त्यांच्या बैठकीत ठेवून घरी गेले."

"त्यांच्या घरी आणखी कोण असतं?"

"कोणी नाही. केतनदादा इथे, बाई एकट्या."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"एरवी मी घरी जाऊन पेटी उचलते. त्यांना झेपत नाही. या वेळी त्यांचा फोन आला, तू थेट विमानतळावर ये, मी टॅक्सीवाल्याकडून उचलून घेते. मी पोचले तर पेटी खाली गेलीसुद्धा होती." ती थांबली. "त्या कंपनीचा तर राग येतो. काउंटरवर नाकारायचं आणि वर आत आम्हालाच विचारायचं!"

"काय विचारलं?"

"विमान खच्चून भरलं होतं. एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि माझ्या बाजूची खिडकीची सीट रिकामी. तिच्यावर जादाचा पट्टा लावलेला. ती हवाई सुंदरी आली आणि मला म्हणाली, 'मॅम, वो बड़ा इन्स्ट्रुमेंट नहीं आया? मैंने तो उसके लिए बेल्ट लगा के रखी थी.' मी म्हटलं तुमच्याच लोकांनी खाली टाकायला लावलं. तिला काही माहीतच नव्हतं."

"तुझ्या बाई काय म्हणाल्या तिला?"

"त्या डोळे मिटून बसल्या होत्या. दिल्ली येईपर्यंत उघडले नाहीत."

जिन्यात कुणाच्या तरी घरच्या फोडणीचा वास आला.

"तुझं शिकणं कसं चाललंय?"

प्रश्न अनपेक्षित होता. तनयाने मान खाली घातली. "दिवाळीपासून बाईंनी नवीन काही दिलं नाही. मी वाजवते, त्या ऐकतात आणि मधेच उठून आत जातात. काय चुकलं विचारलं तर म्हणतात, काही नाही." तिने वर पाहिलं. "चुकलं असतं तर सांगितलं असतं ना त्यांनी?"

वैजयंतीबाईंनी जिन्याचा कठडा धरला. आता त्यांना कोण ते कळलं होतं, आणि कळल्यावर आत जावंसं वाटेना.

४

बैठकीत सगळे होते. सुमित्राबाईंनी चहा आणला होता, तो कुणी घेतला नव्हता. सूर्यकांतराव भिंतीला टेकून उभे राहिले, हातांची घडी घालून, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे.

"सुरू करा," ते म्हणाले. "तुमचा आवडता भाग."

वैजयंतीबाई चादरीजवळ उभ्या राहिल्या. "तुकडा नाही, म्हणजे भोपळा पेटीबाहेर फुटला. एवढं मघाशी झालं. आता कुठे फुटला? इथे की पुण्यात? तनया, या तारेला हात लाव."

तनया वाकली. तारेवर बोट ठेवलं आणि तिचा हात तसाच राहिला. मग तिने तार छेडली. तोच लांब, पोकळ स्वर.

"ही चढवलेली आहे," ती हळू म्हणाली. "स्वरात आहे. मी उतरवली होती. सकाळी मी तुकड्यांकडेच बघत राहिले, तारांकडे लक्षच..."

"म्हणजे तू पट्टे आवळून गेल्यावर कोणीतरी पेटी उघडली, सूरबहार बाहेर काढला आणि तार जुळवली. जुळवायला स्वर कळावा लागतो. या फ्लॅटमध्ये रात्री कोणी तो खर्ज जुळवत बसलं असतं तर चौघांनाही ऐकू आलं असतं. सुमित्राबाई, काही ऐकलंत?"

"नाही."

"आणि मिरीकर, तुम्हाला जुळवता येतो?"

"आत येऊ दिलं असतं तर आला असता."

"केतनला वाजवता येत नाही, आणि पेटी त्याच्या एकट्याच्या हाती कधी नव्हतीच."

"मग मी नाही," सूर्यकांतराव म्हणाले. त्यांनी हातांची घडी सोडली.

"तुम्ही नाही."

"मोठ्याने बोला. माझ्या बायकोसमोर बोला."

"हे तुम्ही केलेलं नाही, मिरीकर." वैजयंतीबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तेव्हाचं तुम्हीच केलं होतंत. हे नाही."

सूर्यकांतरावांनी बायकोकडे पाहिलं. सुमित्राबाईंनी मान वळवली.

"दुसरी गोष्ट सीटची," वैजयंतीबाई पुढे म्हणाल्या. "विमान भरलेलं, लेकुरवाळ्या बाईला जागा नाही, आणि तरी ती खिडकीची सीट रिकामी. वर जादाचा पट्टा लावून ठेवलेला. कंपनीने वाद्य नाकारलं असतं तर ती सीट त्यांनी दुसऱ्याला दिली असती, निदान पट्टा तरी काढला असता. विमानातली माणसं शेवटपर्यंत सूरबहारची वाट बघत होती. म्हणजे त्याला कोणी नाकारलंच नाही. ज्याने तो काउंटरवर नेला त्याने स्वतःहून खाली टाकला. कारण खिडकीजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसून आलेलं वाद्य दिल्लीत फुटलेलं निघालं, तर हमालांवर ढकलता आलं नसतं."

केतनचा फोन अजून हातात होता. त्यातून बारीक आवाजात कुणीतरी 'हॅलो सर, हॅलो सर' करत होतं. त्याने तो बंद केला.

"आई," तो म्हणाला. "काउंटरवर तूच होतीस."

अलकनंदाबाईंनी शाल खांद्यावर नीट केली. त्या ना चिडल्या, ना रडल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

"तू फोडलास? आजोबांचा?"

"आजोबांचा नव्हता तो. माझा होता."

"मग पुण्यातच का नाही सांगितलंस? फुटला म्हणून? इतक्या लांब आणलास, तिकिटं, हा सगळा तमाशा. मी त्या मुलीला काय काय बोललो!"

"पुण्यात फुटला असता तर मी फोडला असता," अलकनंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "विमानात फुटला म्हणजे कोणीच फोडला नाही. लोक हळहळतात, दोन दिवस कंपनीला शिव्या घालतात, संपलं. तुझं शिव्या देणं मी धरलंच होतं."

"अलका!" सूर्यकांतरावांचा आवाज फाटला. "मला घे म्हणाली असतीस. मी काय वाजवणार होतो? नुसता ठेवला असता!"

"म्हणून तर तुला दिला नाही, दादा. नुसता ठेवायला तो भोपळा नव्हे."

त्या आता तनयाकडे बघत होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

"द्यायचं ठरवलं तेव्हा मनापासून ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. पत्रिकेचा मजकूर मी सांगितला. तेव्हा ही माझ्यासारखी वाजवायची. लोक म्हणायचे, डोळे मिटले तर अलकनंदाच वाटते. मला बरं वाटायचं. माझंच वाद्य, माझाच हात, पुढे चालू राहील. मग एक दिवस ही माझ्यासारखी वाजवेनाशी झाली."

"मी काही बदललं नव्हतं," तनया म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच..."

"माहीत आहे. म्हणूनच काही सांगता येईना. चूक असती तर थोबाडीत मारून सुधारली असती." त्यांनी एक श्वास घेतला. "चूक नव्हती."

वरून पुन्हा विमान गेलं. कपबश्या किणकिणल्या.

तनया चादरीजवळ गुडघ्यांवर बसली होती, ती उठली. तिचा आवाज आला तो अगदी सपाट होता. "तार चढवलेली आहे. म्हणजे फोडण्याआधी वाजवलात."

"हो."

"काय वाजवलंत?"

"पूरिया. तू वाजवतेस तसा लागतो का, ते बघत होते."

"लागला?"

केतनने फोन दिवाणावर ठेवला.

"नाही," अलकनंदाबाई म्हणाल्या.

तनया आत गेली, आपली बॅग घेऊन बाहेर आली. दाराशी बसून बूट घालू लागली. बंद बांधताना दोनदा गाठ सुटली. कुणी तिला थांब म्हटलं नाही. वैजयंतीबाई दार उघडून उभ्या राहिल्या.

"संध्याकाळी दिनकरराव सभागृहात वाट बघतील," त्या तिला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "पत्रिकेत तुझंही नाव आहे. पहाडगंजच्या मराठी शाळेत एक सतार आहे, मी फोन करते."

"माझा कार्यक्रम आहे तो!" अलकनंदाबाई खुर्चीतून उठल्या. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "शाळेतल्या सतारीवर? माझ्या नावाच्या सभेत? कोणी परवानगी दिली?"

तनयाने दुसऱ्या बुटाची गाठ मारली आणि उभी राहिली.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

तिने वाकून नमस्कार केला नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं, हे अलकनंदाबाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांचा हात आशीर्वादाला अर्धा वर आला होता, तो त्यांना परत खाली न्यावा लागला.

लिफ्ट आली. दोघी आत शिरल्या. दार मिटत असताना सूर्यकांतरावांचा आवाज ऐकू आला, ते बहिणीला काहीतरी बोलत होते, खूप वर्षांचं, आणि थांबत नव्हते.

गेटपाशी गार्डने विचारलं, "मैडम, ऑटो चाहिए?" तनयाने नकारार्थी मान हलवली.

"मेट्रोने जाते," ती वैजयंतीबाईंना म्हणाली. "कुठे उतरायचं?"

"रामकृष्ण आश्रम मार्ग. तिथून चालत."

"त्या सतारीच्या तारा धड असतील का हो?"

"शाळेची सतार आहे. गंजलेल्याही असतील."

"असू दे," तनया म्हणाली. बॅगेचा पट्टा तिने खांद्यावर ओढला. "मी तारा आणल्यात. बाईंसाठी आणल्या होत्या."

ती वळली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागली.